टेबलाखालच्या डब्याची निवृत्ती

१४ ऑक्टोबर २०२५. वसुबारस तीन दिवसांवर आली होती आणि त्या तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली. घरगुती ग्राहकाने नाव नोंदवलं तर सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यानंतर आणखी एक वर्ष, त्यापुढे काही नाही, असं तेव्हा ठरलं. योगायोग असा, की त्याच महिन्यात एनव्हिडियानेही आपल्या ‘पास्कल’ पिढीच्या ग्राफिक कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणं बंद केलं. जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० ही ती मंडळी. २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत दर तिमाहीला सुरक्षेपुरती डागडुजी होत राहील, एवढंच.

या दोन बातम्या हजारो घरांत एकाच टेबलाखाली येऊन भेटतात. २०१६-१७ च्या सुमारास शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांमध्ये एक ठरावीक कॉम्प्युटर ‘असेम्बल’ होत असे. इंटेलचा सातव्या पिढीचा आयफाइव्ह, आठ किंवा सोळा जीबी रॅम, सहा जीबीचं १०६० कार्ड आणि चोवीस इंची मॉनिटर. घरी कारण सांगितलं जायचं शाळेच्या प्रोजेक्टचं. प्रत्यक्षात त्यावर चालायचं जीटीए आणि काउंटर-स्ट्राइक. स्टीम या खेळांच्या दुकानाच्या मासिक पाहणीत १०६० हे जगातलं सर्वाधिक वापरलं जाणारं कार्ड म्हणून वर्षानुवर्षं पहिलं होतं. २०२२ च्या अखेरीस कुठे त्याचा नंबर गेला. ते इतकं टिकलं याचं श्रेय त्याच्या गुणांना आहेच, पण थोडं इतरांच्या दुर्गुणांनाही आहे. कार्ड बदलायची वेळ आली तेव्हा, आधी २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये, क्रिप्टो चलनाचं खाणकाम करणाऱ्यांनी बाजारातली कार्डं उचलली आणि किमती आभाळाला भिडल्या. इथेरियम या चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये खाणकामाची ती पद्धतच सोडून दिली. तोवर लोकांना जुन्यावर भागवायची सवय लागून गेली होती.

आमच्या संपादकांनी यंदा विषय दिला ‘निवृत्ती’. माणसांच्या निवृत्तीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी यंत्राची मागून घेतली. प्रश्न साधा होता. नवा लॅपटॉप आणला, तर हा टेबलाखालचा डबा खरंच घरी बसवता येतो का?

ग्रँट रोडला उतरल्यावर

उत्तर शोधायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठला. त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. टॅक्सीवाले आणि गिऱ्हाईक मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या लॅमिंग्टन गव्हर्नरालाच धरून बसले आहेत. एके काळी हा रस्ता मिनर्व्हा आणि नाझसारख्या चित्रपटगृहांचा, त्याचबरोबर रेडिओच्या सुट्या भागांचा. रेडिओचे भाग गेले, टीव्हीचे आले, मग कॉम्प्युटरचे. सुट्या भागांचा धंदा मात्र कायम राहिला. इथे दुकानं अरुंद, माल पोटमाळ्यावर, आणि काउंटरवरचा पोरगा वर तोंड करून ओरडला की छताच्या भोकातून खोका खाली येतो.

आता काउंटरच्या दर्शनी भागात लॅपटॉप उघडे मांडलेले असतात, कळफलकाखाली रंगीत दिवे लावून. डोंबिवलीहून आलेले बाप-लेक तिथे भेटले. मुलाला सांगलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला. वडिलांच्या हातात कोटेशनचा कागद होता आणि मनात एकच हिशेब.

‘‘हा घेतला की घरातला तो डबा काढता येईल ना? हॉलमध्ये जागा अडवून बसलाय.’’

‘‘काका, आरामात,’’ काउंटरवरचा मुलगा म्हणाला. ‘‘ह्यात आरटीएक्स ४०६० आहे. तुमचं काय, १०६०? तीन पिढ्या पुढचं आहे हे.’’

‘‘टीजीपी किती आहे?’’ लेकाने विचारलं.

काउंटरवरच्या मुलाने फोन काढून शोधायला सुरुवात केली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. या प्रश्नात काय आहे ते त्यांना कळलं नव्हतं, पण विक्रेत्याला उत्तर माहीत नाही एवढं मात्र बरोबर कळलं होतं.

स्टिकर एक, ताकद वेगळी

टीजीपी म्हणजे ग्राफिक चिपला किती वॅट वीज घेण्याची मुभा आहे तो आकडा. लॅपटॉपच्या सगळ्या व्यवहाराची मेख इथे आहे. एनव्हिडिया लॅपटॉपसाठीचं ४०६० बनवते आणि निर्मात्याला सांगते, हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही चालवा. बारीक, देखणा, दीड किलोचा लॅपटॉप काढणारा ते खालच्या टोकाला बांधतो, जाडजूड अडीच किलोवाला वरच्या टोकाला सोडतो. बाहेरचं स्टिकर दोघांवर तेच. दोघांच्या खेळातल्या वेगात मात्र सहज लक्षात येईल इतकं अंतर.

४०६० च्या बाबतीत एक चांगली गोष्ट आहे. डेस्कटॉपच्या ४०६० मध्ये ३०७२ गाभे (कोअर) असतात आणि ते ११५ वॅट घेतं. लॅपटॉपच्या चिपमध्येही ३०७२ च आहेत. म्हणजे पूर्ण वॅट मिळाले तर लॅपटॉप आपल्या डेस्कटॉप भावाच्या बराच जवळ जातो आणि २०१६ च्या १०६० च्या दुपटीहून पुढे. एक पायरी वर चढलात की नातं बदलतं. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५८८८ गाभे आणि बारा जीबी मेमरी, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ आणि आठ जीबी. सगळ्यात वर ४०९०: टेबलावर १६३८४ गाभे, २४ जीबी आणि ४५० वॅट, मांडीवर ९७२८ गाभे आणि १६ जीबी. २०१६ पर्यंत लॅपटॉपच्या कार्डाच्या नावापुढे ‘एम’ अक्षर लागायचं, त्यामुळे गिऱ्हाईक निदान सावध तरी व्हायचं. पास्कलपासून ते अक्षर काढून टाकलं. हा बदल ग्राहकाच्या सोयीसाठी होता असं मला तरी वाटत नाही.

वॅटचा आकडा दुकानातच बघता येतो. मांडलेला लॅपटॉप चालू करायला सांगायचा, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडायचं, त्यात सिस्टिम इन्फर्मेशन. तिथे कमाल ग्राफिक पॉवर लिहिलेली असते. डोंबिवलीच्या मुलाने तेच केलं. पहिल्या लॅपटॉपवरचा आकडा पाहून त्याने झाकण मिटलं आणि शेजारचा, जरा बेढब दिसणारा, उघडायला सांगितला. वडिलांना पहिलाच आवडला होता.

विजेच्या बिलाचा मुद्दाही वडिलांनी काढला. बिल खूप वाचेल असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. जुना १०६० चा संच खेळताना मॉनिटर धरून साधारण २५० वॅट ओढतो, पूर्ण ताकदीचा ४०६० लॅपटॉप १८० ते २००. रोज चार तास खेळलं तर महिन्याला सात-आठ युनिटांचा फरक. नुसतं टायपिंग, सिनेमा, ब्राउझर यांत लॅपटॉप खरंच कमी खातो. पण बिलापायी यंत्र बदलू नये.

पडदा किती खातो

विक्रेते वेग सांगतात तेव्हा एक हिशेब बहुधा गाळतात. जुना चोवीस इंची मॉनिटर १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, म्हणजे एकूण वीस लाख त्र्याहत्तर हजार. नव्या सोळा इंची लॅपटॉपांपैकी बरेच २५६० गुणिले १६०० चे. ते झाले जवळजवळ एकेचाळीस लाख. प्रत्येक ठिपका ग्राफिक चिपलाच रंगवायचा असतो. चिप दुप्पट वेगाची घेतली आणि पडदाही दुप्पट ठिपक्यांचा घेतला, तर हाती उरलं काय? चित्र रेखीव दिसेल, हे खरं. ‘जुन्यापेक्षा दुप्पट पळेल’ ही अपेक्षा मात्र तिथेच विरून जाते.

यावर एनव्हिडियाचा तोडगा डीएलएसएस. चिप चित्र कमी ठिपक्यांत काढते आणि उरलेले अंदाजाने भरते. २०१८ च्या २० मालिकेपासून हे आहे. २०२२ मध्ये ४० मालिकेबरोबर दोन फ्रेमच्या मध्ये तिसरी फ्रेम कल्पनेने घालायची सोयही आली. १०६० ला यातलं काही मिळत नाही. पहिली युक्ती उत्तम आहे, मी बेलाशक वापरा म्हणेन. दुसरीबद्दल हात राखून. मुळात खेळ पुरेसा गतीने चालत असेल तर ती आणखी सफाई देते. रखडत असेल तर दिसायला गुळगुळीत आणि हाताला जड लागतो, कारण तुमच्या माऊसची दखल खऱ्या फ्रेमलाच घेतली जाते.

काही खेळांनी जुन्या कार्डांना दारच बंद केलं आहे. डिसेंबर २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ हे रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याचं, हार्डवेअर असल्याशिवाय चालत नाहीत. तिथे १०६० आणि १०८० टीआय सारखेच निकामी. पण हेही विचारायला हवं, की घरातलं पोर खेळतं काय? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, डोटा खेळणाऱ्याचं १०६० वर आजही निभतं.

एप्रिलमधली खोली

लॅपटॉपची परदेशी परीक्षणं वाचून इथे खरेदी करणाऱ्यांनी एक गोष्ट मनात धरावी: ती यंत्रं बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत तपासलेली असतात. पंखा हवा गार करत नाही, चिपची उष्णता खोलीतल्या हवेत ढकलतो. खोलीच छत्तीस अंशांवर असेल, तर चिपला तितकंच कमी अंतर उरतं. बहुतेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास स्वतःचा वेग उतरवतात, ग्राफिक चिप त्याच्याही आधी. सांगलीच्या होस्टेलवर एप्रिलच्या दुपारी वातानुकूलन कुठून येणार?

डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरचा पंखा वेगळा, कार्डाचे वेगळे, कॅबिनेटचे आणखी वेगळे. बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक चिप यांच्यावरून त्याच तांब्याच्या नळ्या जातात. एका बंबावर दोन बिऱ्हाडांची अंघोळ असावी तसा प्रकार. प्रोसेसर तापला की ग्राफिक चिपचे वॅट कापले जातात, आणि खेळ नेमका गर्दीच्या दृश्यात अडखळतो. त्यातून आपल्याकडे लॅपटॉप गादीवर ठेवायची पद्धत. हवा खालच्या जाळीतून आत जाते. चादरीने ती जाळी बंद केली की उरलेलं काम पंखे फक्त आवाजाने करतात. त्या आवाजात रात्री एक वाजता होस्टेलचा रूममेट झोपू शकेल का, याचाही विचार हेडफोन लावणाऱ्याने करावा.

बॅटरीवर खेळू म्हणणाऱ्यांसाठी शाळेतलं गणित पुरे आहे. विमानात शंभर वॉट-अवरपेक्षा मोठी बॅटरी विनापरवानगी नेता येत नाही, म्हणून लॅपटॉपवाले त्याच्या आतच थांबतात. ऐंशी वॉट-अवरची बॅटरी आणि शंभर वॅटचा खर्च धरला तर तासभरही निघत नाही. शिवाय बॅटरी एवढा जोर देऊच शकत नसल्याने यंत्र आपोआप हात आखडतं. म्हणजे खेळायचं तर पाऊण-एक किलोचा ॲडॉप्टर बरोबर हवा आणि भिंतीत सॉकेट हवं. वीज गेली की मात्र लॅपटॉपचा खरा फायदा दिसतो. डेस्कटॉपला यूपीएस लागतो, आणि घरोघरच्या यूपीएसमधली बॅटरी दोन-तीन वर्षांत दगावलेली असते. लॅपटॉप मंदावतो, पण बंद पडत नाही. लिहिलेला कोड वाचतो.

वरच्या मजल्यावरचं टेबल

त्याच रस्त्यावर एका इमारतीत लाकडी जिना चढून गेलं की दुरुस्तीची दुकानं लागतात. एका टेबलावर सूक्ष्मदर्शक, हॉट एअर गन, फ्लक्सचा वास. दुसऱ्या टेबलावर फक्त स्क्रूड्रायव्हर, ब्रश आणि शाळेतलं खोडरबर.

खोडरबराचं टेबल डेस्कटॉपचं. ‘चालू होतो, पण स्क्रीन काळी’ ही तक्रार आली की पहिलं काम रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसणं. पावसाळ्यानंतर, विशेषतः कोकण आणि वसई-विरार भागातून आलेली कितीतरी यंत्रं एवढ्यावर परत जातात. ‘रोज तारीख चुकते’ म्हणणाऱ्याचा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो, जो घड्याळजीकडेही मिळतो. वीज पुरवणारा एसएमपीएस गेला तर एसएमपीएस बदला, कार्ड गेलं तर कार्ड.

सूक्ष्मदर्शकाचं टेबल लॅपटॉपचं. तिथे प्रोसेसर, ग्राफिक चिप, तिची मेमरी सगळं एकाच बोर्डावर झाळलेलं. बारीक लॅपटॉपांत रॅमसुद्धा. कारागीर पंखे काढून दाखवत होता. पंखा आणि पात्यांच्या मधे धुळीचा जाड नमदा बसला होता.

‘‘हे साफ करून नवी पेस्ट लावली की तो परत जोमात येतो,’’ तो म्हणाला. ‘‘लोक वर्षातून एकदासुद्धा करत नाहीत. पण चिप गेली तर मी गिऱ्हाईकाला सरळ विचारतो, अजून किती वर्षं वापरायचाय? कारण बोर्डाचा भाव ऐकला की बरेच जण खुर्चीतून उठतातच.’’

दुसरा एक लॅपटॉप टेबलावर नीट बसत नव्हता. बॅटरी फुगून तिने टचपॅड वर उचललं होतं. मालक तो दोन वर्षं सतत चार्जिंगला लावूनच वापरत होता, म्हणजे डेस्कटॉपसारखा. बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते. ती कोणी वापरत नाही, असं कारागिराचं म्हणणं.

इथे मला दोन यंत्रांमधला खरा फरक दिसला, आणि तो वेगाचा नव्हता. डेस्कटॉप ही आठ-दहा वर्षं चालणारी निर्णयांची मालिका असते: आज रॅम, पुढच्या वर्षी एसएसडी, बोनस मिळाला की कार्ड. लॅपटॉप हा एकच निर्णय, तोही पहिल्या दिवशी. त्यात आठ जीबी ग्राफिक मेमरी घेतली तर शेवटपर्यंत आठच. फ्रेमवर्क नावाची अमेरिकी कंपनी ग्राफिक भाग बदलता येणारा लॅपटॉप बनवते आणि २०२५ मध्ये तिने त्यासाठी ५०७० चा नवा भागही जाहीर केला. लॅमिंग्टन रोडच्या काउंटरांवर मला तो कुठे दिसला नाही.

आधी डबा उघडून पाहा

विंडोज ११ च्या भीतीने बाजारात येणाऱ्यांपैकी काहींना यायची गरजच नसते. इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून ते चालतं. ‘तुमचा पीसी पात्र नाही’ असा संदेश बऱ्याचदा एवढ्यासाठीच येतो, की टीपीएम नावाची सुरक्षेची सोय बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी नावाने सापडते, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. चालू करा, काम झालं. खर्च शून्य.

पहिल्या पिढीचं रायझन असेल तर तेही फार बिघडलेलं नाही. २०१७ च्या कितीतरी एएम४ बोर्डांवर बायोस अद्ययावत करून २०२२ चं रायझन ५ ५६०० बसतं. एक चिप बदलली की यंत्र आणखी काही वर्षं पुढे.

अडकतो तो इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचा मालक, आणि डोंबिवलीचा डबा त्यातलाच. त्याच्या बोर्डावर आठवी पिढी बसत नाही. तरीही सगळं फेकायचं कारण नाही. एएम४ चा बोर्ड आणि ५६०० घेतलं तर जुनी डीडीआर४ रॅम चालते. कॅबिनेट, एसएसडी आणि धडधाकट असेल तर एसएमपीएसही. जुनं १०६० तात्पुरतं तसंच लावायचं आणि पुढच्या दिवाळीला कार्ड. डेस्कटॉप असा तुकड्यातुकड्याने घेता येतो. लॅपटॉप हप्त्याने देते ती फक्त बँक. कार्डांची हमी साधारण तीन वर्षांची असते, लॅपटॉपची बहुधा एकाच वर्षाची, पुढची पैसे भरून वाढवायची. हा फरक कोटेशनच्या कागदावर दिसत नाही.

मग घ्यायचा की नाही?

ज्याला यंत्र घेऊन हलायचं आहे, होस्टेलवर, बदलीच्या गावी, दोन घरांमध्ये, त्याने लॅपटॉप घ्यावा. १०६० किंवा त्याखालच्या डेस्कटॉपची जागा तो ताकदीने सहज घेतो. अटी एवढ्याच: ग्राफिक चिपला शंभरच्या पुढे वॅट, रॅमची जागा उघडणारी आणि वाढवता येणारी, दोन वर्षांची वाढीव हमी पहिल्याच बिलात. पडदा कमी ठिपक्यांचा चालेल. आणि जुना मॉनिटर, कीबोर्ड, माऊस अजिबात काढू नका. सुट्टीत घरी आल्यावर एचडीएमआयची एक वायर जोडली की मान वाकवून बसावं लागत नाही. स्टीमवरचे खेळ पुन्हा उतरवायचीही गरज नाही, जुन्या यंत्रातून नव्यात ते घरच्या वायफायवरून जातात.

ज्याचं टेबल पुढची पाच वर्षं त्याच भिंतीला राहणार आहे, त्याने लॅपटॉपच्या नादी लागू नये. तेवढ्याच पैशांत डबा नवा होतो आणि दुरुस्त होत राहतो. १०८० टीआय बाळगणाऱ्यांना तर मी ४०५० च्या लॅपटॉपकडे बघूही नका म्हणेन. अकरा जीबी मेमरीवरून सहावर येण्याला पुढे जाणं म्हणत नाहीत.

डोंबिवलीच्या बाप-लेकांनी तो बेढब लॅपटॉप घेतला. हॉलमधल्या डब्याचं काय करायचं, यावर दुकानातून निघताना त्यांचं एकमत झालेलं नव्हतं. तुमच्या घरी ते झालं, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या. साडेतीन इंची डिस्क लॅपटॉपच्या आत बसत नाही, पण यूएसबीने जोडायची, स्वतःचा ॲडॉप्टर असलेली पेटी त्याच बाजारात मिळते. फोटो, दहावीची मार्कशीट आणि बँकेची जुनी स्टेटमेंटं त्या डिस्कवर आहेत. ती डब्याबरोबर देऊ नका.